मुदतीपलीकडचा राष्ट्राध्यक्ष : जिमी कार्टर

१९६२ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एक छोटी निवडणूक झाली. राज्याच्या सिनेटमधल्या एका जागेसाठी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरायचा होता. रिंगणात होते भुईमुगाचे बियाणे आणि खते विकणारे अडतीस वर्षांचे एक व्यापारी, जेम्स अर्ल कार्टर. सगळा गाव त्यांना जिमी म्हणत असे. क्विटमन परगण्यातल्या जॉर्जटाउन गावी मतदान सुरू होते, आणि जो हर्स्ट नावाचा स्थानिक पुढारी मतदारांच्या शेजारी उभा राहून कोणाला मत द्यायचे ते उघडपणे सांगत होता. मोजणीच्या वेळी मतदारांपेक्षा मतपत्रिका जास्त निघाल्या. मत दिलेल्यांच्या यादीत मेलेल्या माणसांची नावे होती. कितीतरी मतदारांनी तर नावांच्या वर्णानुक्रमाने येऊन मत दिल्याची नोंद होती. या एका केंद्राच्या मतांवर कार्टर हरले.

तिथे त्या काळी असे चालतच असे, आणि हरलेला उमेदवार गप्प घरी जात असे. कार्टर गेले नाहीत. त्यांनी मतदारांची प्रतिज्ञापत्रे गोळा केली, अटलांटाच्या एका वार्ताहराला प्रकरण दाखवले, चार्ल्स कर्बो नावाचे वकील गाठले आणि न्यायाधीशासमोर ती पेटी उघडायला लावली. त्या केंद्राची मते रद्द झाली आणि कार्टर विजयी ठरले.

पुढच्या साठ वर्षांतले कार्टर या प्रसंगात बरेचसे दिसतात. कागद न् कागद तपासण्याची सवय, लागलेल्या निकालाशीही झुंजण्याची चिकाटी, आणि पुढाऱ्यांची मर्जी राखण्याचा मनापासून कंटाळा. पहिल्या दोन गुणांनी त्यांच्या हातून मोठी कामे झाली. तिसऱ्याने त्यांची सत्ता घालवली. कार्टर हे अपयशी राष्ट्राध्यक्ष आणि आदर्श माजी राष्ट्राध्यक्ष, असा एक तयार निवाडा त्यांच्याबद्दल नेहमी ऐकू येतो. तो सोयीचा आहे, पण खरा नाही. व्हाइट हाउसमधला माणूस आणि नंतर आफ्रिकेतल्या खेड्यांत फिरणारा माणूस एकच होता आणि त्याची कामाची रीतही एकच होती. फरक होता तो मुदतीचा. ज्या कामांना पंधरा-वीस वर्षे लागतात, ती त्यांनी चार वर्षांच्या खुर्चीत बसून हाती घेतली.

आर्चरीचे शेत

कार्टर यांचा जन्म १ ऑक्टोबर १९२४ रोजी जॉर्जियातल्या प्लेन्स या चिमुकल्या गावी झाला. आई लिलियन परिचारिका असल्यामुळे बाळंतपण इस्पितळात झाले. इस्पितळात जन्मलेले ते पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष. बालपण गेले जवळच्या आर्चरी वस्तीवर, वडिलांच्या शेतात. घरात वीज नव्हती. ती आली जिमी चौदाएक वर्षांचे असताना, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या ग्रामीण विद्युतीकरण योजनेतून. शेजारची बहुतेक घरे काळ्या लोकांची, त्यातही वाट्याने शेती करणाऱ्या कुळांची. जिमींचे खेळगडी तेच. शाळा मात्र वेगळी, चर्च वेगळे. वडील अर्ल वर्णभेदाची चौकट मानणारे होते. लिलियनबाई ती मानत नसत. काळ्या कुटुंबांच्या आजारपणात त्या निःसंकोच जात आणि पैसे मिळतील की नाही याचा विचार करत नसत.

जिमींना आरमारात जायचे होते. १९४६ मध्ये अॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून ते पदवीधर झाले आणि त्याच उन्हाळ्यात प्लेन्सच्याच रोझलिन स्मिथ यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पुढे ते पाणबुड्यांवर गेले आणि अणुपाणबुडीचे जनक मानले जाणारे हायमन रिकोव्हर यांच्या हाताखाली त्यांची निवड झाली. मुलाखतीत रिकोव्हर यांनी विचारले, अकादमीत तू नेहमी सर्वस्व ओतून अभ्यास केलास का? कार्टर यांनी प्रामाणिकपणे नाही म्हटले. रिकोव्हर यांचा पुढचा प्रश्न एवढाच होता : का नाही? हा प्रश्न कार्टर जन्मभर विसरले नाहीत.

१९५२ च्या डिसेंबरात कॅनडातल्या चॉक रिव्हर इथल्या अणुभट्टीत अपघात झाला. भट्टी मोकळी करण्यासाठी आलेल्या अमेरिकी पथकांपैकी एकाचे नेतृत्व कार्टर यांच्याकडे होते. शेजारच्या टेनिस कोर्टावर भट्टीची हुबेहूब प्रतिकृती उभारली होती. तिच्यावर कोणता बोल्ट कधी फिरवायचा याचा सराव करायचा आणि मग खऱ्या भट्टीत उतरून जेमतेम दीड मिनिटात तेवढेच काम उरकून बाहेर यायचे. किरणोत्सर्गात त्याहून जास्त थांबणे धोक्याचे होते. अणुशक्तीचे सामर्थ्य आणि तिची दहशत या दोन्ही गोष्टी कार्टर यांना पुस्तकातून शिकाव्या लागल्या नाहीत.

१९५३ मध्ये वडील कर्करोगाने गेले. शेवटच्या दिवसांत घरी माणसांची रीघ लागली होती. गोरे, काळे, कुळे, गिऱ्हाइके, सगळेच अर्ल यांनी गुपचूप केलेल्या मदतीबद्दल सांगत होते. कार्टर यांनी नौदल सोडले आणि रोझलिन यांच्या मनाविरुद्ध कुटुंब प्लेन्सला आणले. वर्णभेद टिकवण्यासाठी गोऱ्यांनी काढलेल्या ‘व्हाइट सिटिझन्स कौन्सिल’चे सभासद होण्याचा आग्रह झाला तेव्हा त्यांनी नकार दिला. गावाने काही काळ त्यांच्या दुकानावर बहिष्कार टाकला, पण ते बधले नाहीत.

डागही, धैर्यही

एवढे वाचून निष्कलंक संताचे चित्र डोळ्यांसमोर येत असेल, तर १९७० साल पाहावे. १९६६ मध्ये राज्यपालपदाची निवडणूक ते हरले होते. दुसऱ्या खेपेला त्यांनी वर्णभेदवादी मतदारांना जवळचे वाटेल अशा भाषेत प्रचार केला आणि ते जिंकले. जानेवारी १९७१ मध्ये शपथ घेताना मात्र त्यांनी जाहीर केले की वंशभेदाचा काळ संपला आहे. ज्यांनी मते दिली त्यांतले कित्येक सुन्न झाले. पुढे त्यांनी राज्याच्या विधानभवनात मार्टिन ल्यूथर किंग यांचे तैलचित्र लावले आणि सरकारी पदांवर काळ्या नागरिकांच्या नेमणुका मोठ्या प्रमाणावर वाढवल्या. प्रचारातली तडजोड आणि सत्तेतली भूमिका यांतले अंतर त्यांच्या चरित्रात तसेच राहते. ते झाकण्यात अर्थ नाही.

वॉटरगेट प्रकरणाने १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार केले होते. व्हिएतनाम युद्धाची जखम ओली होती. अमेरिकी मतदाराला वॉशिंग्टनबाहेरचा माणूस हवा होता. मी तुमच्याशी कधीही खोटे बोलणार नाही, असे सांगत हा शेंगदाण्याचा व्यापारी दारोदार फिरला आणि १९७६ मध्ये जेराल्ड फोर्ड यांचा पराभव करून राष्ट्राध्यक्ष झाला. २० जानेवारी १९७७ रोजी शपथविधीनंतर कार्टर दांपत्य मोटारीतून उतरले आणि व्हाइट हाउसपर्यंत चालत गेले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी व्हिएतनाम युद्धात सक्तीची भरती चुकवणाऱ्या तरुणांना माफी दिली. लोकप्रियतेची पर्वा न करण्याची सुरुवात पहिल्या दिवसापासून झाली.

तेरा दिवस

१९४८ ते १९७३ या पंचवीस वर्षांत इजिप्त आणि इस्रायल चार युद्धे लढले. १९६७ पासून सिनाईचे वाळवंट इस्रायलच्या ताब्यात होते. ५ सप्टेंबर १९७८ रोजी कार्टर यांनी इजिप्तचे अन्वर सादात आणि इस्रायलचे मेनाखेम बेगिन यांना मेरीलँडच्या डोंगरातल्या कॅम्प डेव्हिड या विश्रामस्थानी आणले आणि पत्रकारांना बाहेर ठेवले. सल्लागारांना यशाची फारशी आशा नव्हती. राष्ट्राध्यक्षाने एवढी प्रतिष्ठा पणाला लावू नये, असे अनेकांचे मत होते.

पहिल्या तीन दिवसांत दोन्ही पाहुण्यांची इतकी खडाजंगी झाली की त्यांना समोरासमोर बसवणे अशक्य झाले. मग कार्टर स्वतःच निरोप्या झाले. मसुदा घेऊन एका कुटीत जायचे, हरकती ऐकायच्या, रात्री बसून नवा मसुदा लिहायचा, सकाळी दुसऱ्या कुटीत जायचे. सिनाईचे नकाशे, धावपट्ट्या, वसाहती यांचा बारीकसारीक तपशील त्यांना तोंडपाठ होता. मसुद्याची तेवीस रूपे झाली. अकराव्या दिवशी सादात यांनी सामान बांधले. कार्टर एकटेच त्यांच्या कुटीत गेले आणि आता निघून गेलात तर आपली मैत्री संपेल, अशा स्पष्ट शब्दांत त्यांना थांबवले.

शेवटच्या दिवशी बेगिन अडले. त्यांनी आपल्या नातवंडांसाठी तिघा नेत्यांच्या छायाचित्रावर कार्टर यांची सही मागितली होती. कार्टर यांनी आपल्या चिटणीस बाईंकडून आठही नातवंडांची नावे मिळवली, प्रत्येक छायाचित्रावर एकेकाचे नाव घालून सही केली आणि ती स्वतः नेऊन दिली. बेगिन एकेक नाव मोठ्याने वाचत गेले आणि त्यांचा कंठ दाटून आला. दोघे नातवंडांबद्दल, युद्धाबद्दल बोलले. थोड्या वेळाने बेगिन यांनी होकार कळवला.

मार्च १९७९ मध्ये तह झाला आणि १९८२ पर्यंत सिनाई इजिप्तला परत मिळाले. पॅलेस्टिनी जनतेच्या स्वायत्ततेचा भाग मात्र कागदावरच राहिला, आणि ती या कराराची मोठी उणीव आहे. सादात यांना १९८१ मध्ये आपल्याच सैनिकांच्या गोळ्या झेलाव्या लागल्या. तरीही इजिप्त आणि इस्रायल यांच्यात त्यानंतर एकही युद्ध झालेले नाही. पश्चिम आशियाच्या नकाशावर इतकी टिकलेली दुसरी गोष्ट शोधावी लागते.

पेरणी एकाची, सुगी दुसऱ्याची

पनामा कालवा पनामाला परत देण्याचे करार कार्टर यांनी १९७७ मध्ये केले. सिनेटमध्ये ६७ मते हवी होती, ६८ मिळाली. प्रत्यक्ष हस्तांतर झाले १९९९ च्या अखेरच्या दिवशी. १९८० मध्ये, फेरनिवडणुकीतल्या पराभवानंतरच्या महिन्यात, त्यांनी अलास्कातली दहा कोटी एकरांहून जास्त जमीन संरक्षित करणाऱ्या कायद्यावर सही केली. सर्व पूर्वसुरींनी मिळून नेमल्या नव्हत्या इतक्या स्त्रिया आणि अल्पसंख्य समाजातल्या व्यक्ती त्यांनी संघीय न्यायालयांवर नेमल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयात गाजलेल्या रूथ बेडर गिन्सबर्ग यांची अपील न्यायालयावरची नेमणूक त्यांचीच. परराष्ट्र धोरणात त्यांनी मानवी हक्कांचा निकष आणला आणि अर्जेंटिनासारख्या लष्करी राजवटींची मदत कापली. इराणच्या शहांच्या बाबतीत मात्र हाच निकष त्यांनी बाजूला ठेवला.

१९७९ मध्ये त्यांनी व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवणारी ३२ सौर पॅनेल बसवली आणि २००० सालापर्यंत देशाची एक पंचमांश ऊर्जा सूर्यासारख्या अक्षय स्रोतांतून यावी असे उद्दिष्ट मांडले. त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेले रेगन यांच्या कारकिर्दीत ती पॅनेल छपरावरून उतरली आणि पुन्हा तिथे बसली नाहीत.

महागाई दोन आकडी झाली होती. त्या वेळी कार्टर यांनी मध्यवर्ती बँकेवर पॉल व्होल्कर यांना नेमले. हा माणूस व्याजदर वाढवणार आणि मंदी आली तर त्याचा फटका आपल्या निवडणुकीला बसणार, हे त्यांना सांगितले गेले होते. तसेच झाले. बँकांचे व्याजदर वीस टक्क्यांच्या घरात गेले. महागाई मोडली, पण तोवर व्हाइट हाउसमध्ये रेगन होते आणि स्वस्ताईचे श्रेयही त्यांना मिळाले.

आणि मग इराण. १९७७ च्या अखेरच्या रात्री तेहरानमधल्या मेजवानीत कार्टर यांनी शहांच्या इराणला अशांत प्रदेशातले स्थैर्याचे बेट म्हटले होते. तेरा महिन्यांत शहा परागंदा झाले आणि धर्मगुरू खोमेनी आले. आजारी शहांना उपचारासाठी न्यूयॉर्कमध्ये येऊ देण्यास कार्टर आधी तयार नव्हते. दबावापुढे त्यांनी मान तुकवली. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी विद्यार्थ्यांनी तेहरानमधला अमेरिकी दूतावास ताब्यात घेतला. ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले. एप्रिल १९८० मध्ये त्यांच्या सुटकेची लष्करी मोहीम वाळवंटात फसली; आठ सैनिक मरण पावले. त्याच सुमारास सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या. नोव्हेंबरमध्ये रेगन यांनी ४८९ विरुद्ध ४९ अशा निर्वाचक मतांनी कार्टर यांना हरवले. ओलिसांची सुटका वाटाघाटींनी झाली. सगळे जिवंत परतले, पण विमान उडाले ते रेगन यांनी शपथ घेतल्यानंतर काही मिनिटांनी.

विक्रोळी आणि तारापूर

महाराष्ट्राशी या घराण्याचा संबंध जिमी राष्ट्राध्यक्ष होण्याच्या दहा वर्षे आधीचा आहे. १९६६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, विधवा लिलियनबाईंनी दूरचित्रवाणीवर पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेची जाहिरात पाहिली. वयाची अट नाही, असे तीत म्हटले होते. त्यांनी अर्ज केला. तीन महिन्यांच्या प्रशिक्षणात मराठीचे धडे गिरवले आणि त्या मुंबईला, विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत दाखल झाल्या. आधी कुटुंबनियोजनाचे काम आणि मग दवाखान्यातली शुश्रूषा असे जवळपास दोन वर्षे चालले. रुग्णांत कुष्ठरोगीही होते. सुरुवातीला त्यांना स्पर्श करायला आपण कचरत होतो, हे त्यांनी घरच्या पत्रांत लपवले नाही. ती पत्रे पुढे पुस्तकरूपाने आली. फेब्रुवारी १९७७ मध्ये राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यविधीसाठी अमेरिकेचे प्रतिनिधित्व करायला मुलाने आईलाच पाठवले.

दुसरा धागा कडू आहे. तारापूरचा अणुवीज प्रकल्प अमेरिकी मदतीने उभा राहिला आणि त्याला लागणारे युरेनियम १९६३ च्या करारानुसार अमेरिकेकडून यायचे होते. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर अमेरिकेत त्याला विरोध वाढला. जानेवारी १९७८ मध्ये कार्टर दिल्लीत मोरारजी देसाईंना भेटले. आपल्या परराष्ट्रमंत्र्यांशी बोलताना, देसाईंना थंड आणि परखड पत्र लिहायला हवे, असे ते म्हणाले आणि ध्वनिक्षेपकाने ते जगाला ऐकवले. पुढे अमेरिकेत अण्वस्त्रप्रसार रोखणारा कायदा झाला. तरीही १९८० मध्ये कार्टर यांनी तारापूरसाठी ३८ टन इंधन मंजूर केले आणि सिनेटने ते अवघ्या दोन मतांच्या फरकाने तारले.

नारूचा पाठलाग

१९८१ मध्ये, छप्पन्नाव्या वर्षी, कार्टर प्लेन्सला परतले तेव्हा त्यांचा भुईमुगाचा व्यवसाय कर्जात बुडाला होता. मोठ्या कंपन्यांच्या संचालकपदांचे पैसे घेणे त्यांना मान्य नव्हते. तो व्यवसाय विकून आणि पुस्तके लिहून त्यांनी संसार सावरला. १९८२ मध्ये रोझलिन यांच्यासह अटलांटात कार्टर सेंटर स्थापन केले, आणि १९८६ पासून या संस्थेने एका अळीविरुद्ध मोहीम उघडली.

ही अळी महाराष्ट्राला परकी नाही. नारू म्हटले की जुन्या पिढीला आजही शहारा येतो. साठलेल्या पाण्यातल्या सूक्ष्म जलपिसवांच्या पोटात नारूचे डिंभ असतात. ते पाणी प्यायल्यावर सुमारे वर्षभरात शरीरात हातभर किंवा त्याहूनही लांब जंत तयार होतो आणि बहुधा पायावर फोड आणून बाहेर येऊ लागतो. आग शमवण्यासाठी माणूस पाय पाण्यात बुडवतो, आणि मादी त्याच पाण्यात लाखो डिंभ सोडते. यावर औषध नाही, लसही नाही. जंत काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, एवढाच उपाय.

भारताने आपली निर्मूलन मोहीम १९८३-८४ मध्ये स्वबळावर सुरू केली. तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण होते. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या किंवा त्यांवर रहाट आले, पाणी दुपदरी फडक्याने गाळणे घरोघर शिकवले गेले, साठ्यांत जलपिसवा मारणारे औषध टाकले गेले. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्तीचे प्रमाणपत्र दिले.

आफ्रिकेत हेच काम कितीतरी अवघड होते. १९८६ मध्ये आफ्रिका आणि आशियातल्या २१ देशांत मिळून ३५ लाख रुग्ण असल्याचा अंदाज होता. कार्टर यांनी माजी राष्ट्राध्यक्ष या नात्याचा उपयोग इथे केला. राष्ट्रप्रमुखांना भेटून त्यांच्याच देशातले रुग्णांचे आकडे त्यांच्यापुढे ठेवायचे, कंपन्यांकडून गाळणीचे कापड आणि औषध दान मिळवायचे, गावोगावच्या स्वयंसेवकांना शिकवायचे. १९९५ मध्ये सुदानच्या यादवी युद्धात त्यांनी केवळ आरोग्यसेवकांना खेड्यांत जाता यावे म्हणून युद्धविराम घडवला. तो जवळजवळ सहा महिने टिकला. २०२४ मध्ये जगभरात नारूचे १५ रुग्ण नोंदले गेले. आता अडचण आहे ती कुत्र्यांसारख्या प्राण्यांतल्या संसर्गाची, विशेषतः चाडमध्ये.

नारूशेजारी इतर कामेही चालूच होती. जॉर्जटाउनची पेटी उघडायला लावणारा माणूस आता परदेशांतल्या मतपेट्यांवर नजर ठेवू लागला. १९८९ मध्ये पनामात लष्करशहा नोरिएगा यांच्या सरकारने केलेली मतांची चोरी त्यांनी तिथेच उघड केली. कार्टर सेंटरने शंभराहून अधिक निवडणुकांचे निरीक्षण केले आहे. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेबरोबर दरवर्षी आठवडाभर हातोडी घेऊन घरे बांधायचा कार्टर दांपत्याचा नेम होता. २००६ मध्ये तो आठवडा लोणावळ्याजवळच्या मळवली परिसरात झाला. तिथे शंभर घरांचे काम हाती घेतले होते, आणि ब्याऐंशी वर्षांचे कार्टर इतर स्वयंसेवकांच्या बरोबरीने राबत होते. २००२ मध्ये त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला होता. २०२३ मध्ये, सत्त्याहत्तर वर्षांच्या संसारानंतर, रोझलिन गेल्या. २९ डिसेंबर २०२४ रोजी प्लेन्समधल्या साध्याशा घरी, वयाच्या शंभराव्या वर्षी कार्टर यांचे निधन झाले.

हिशेब

कार्टर यांच्या चुका खऱ्या आहेत. काँग्रेसमधल्या स्वपक्षीयांनाही त्यांना सांभाळता आले नाही, इराण त्यांना वाचता आला नाही, आणि मानवी हक्कांचा निकष त्यांनी मित्रराष्ट्रांना सारखा लावला नाही. पण कारकिर्दीचे मूल्यमापन शेवटच्या वर्षाच्या पराभवावरून करणे ही इतिहासाची पद्धत असू शकत नाही. कालवा शांतपणे हस्तांतरित झाला की नाही, हे १९९९ मध्ये कळले. सिनाईचा तह टिकला की नाही, हे कळायला दोन पिढ्या लागल्या. नारू संपला की नाही, ते अजून ठरायचे आहे.

चार वर्षांत दिसेल तेवढेच काम हाती घ्यायचे, हा निवडणुकीच्या राजकारणाचा मोह जगात सगळीकडे सारखा आहे, आणि मतदारही त्याला हातभार लावतात. कार्टर यांनी तो मोह टाळला आणि त्याची किंमत स्वतः मोजली. त्यांनी सोडलेला खरा वारसा म्हणजे त्यांच्यावाचून चालू राहणारी कामे : अजून पाळला जाणारा तह, दरवर्षी मोजले जाणारे रुग्ण, निरीक्षकांसमोर उघडल्या जाणाऱ्या मतपेट्या. सत्ताधाऱ्याला जोखताना त्याच्या कारकिर्दीत काय उभे राहिले एवढेच पाहणे पुरेसे नाही. तो गेल्यावर कशाला त्याची गरज उरली नाही, हेही विचारायला हवे.